एका हंगामाचा करार

माझं लग्न झालं तेव्हा मला एक्कावन्नावं चालू होतं, त्यामुळे माझं तरुणपण कुठून मोजायचं हा जरा घोळच आहे. हे पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं होतं की सगळे लिहितात तसं शाळा, मैत्रिणी, गल्ली असं क्रमानं लिहायचं. लिहिलं, आणि ते मागच्या प्रकरणात सहा पानांत आटोपलं. कारण दहावी झाल्यावर मी जी शिवणाच्या मशीनवर बसले ती तीस-पस्तीस वर्षं उठलेच नाही. जळगावातल्या कितीतरी शाळांचे गणवेश माझ्या हाताखालून गेले, कबड्डी-खोखोच्या संघांचे कपडे गेले, आईचं आजारपण गेलं, वडिलांचं गेलं. वय वाढत राहिलं, मी मात्र होते तिथंच. वाद घालायला, रुसायला, मनासारखं झालं नाही म्हणून ताट सारून उठायला समोर कुणीतरी असावं लागतं, तेव्हा माणूस मोठं होतं. माझ्यासमोर असं माणूस आलं ते सिंगापुरात, सेरंगूनच्या एका अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. ते पंधरा वर्षांचं होतं, त्याचं नाव जुई, आणि त्याला मी नको होते.

जुई ही ह्यांची मुलगी. हे मरीन इंजिनिअर. जुई नऊ वर्षांची असताना तिची आई गेली आणि पुढची सहा वर्षं बापलेकींनी दोघांतच काढली. आमची गाठ घालून दिली माझ्या शिवणाच्या क्लासातल्या एका मुलीच्या आईनं, आणि मी हो म्हणाले ह्याचं मलाच अजून नवल आहे. पण हो म्हणताना मी ह्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. एक वर्ष येते. पोरीला रुचले तर राहीन, नाही रुचले तर पुढच्या जूनमध्ये जळगावला परत, कुणी कुणाला बोल लावायचा नाही. क्लास मी मैत्रिणीच्या हवाली केला होता, बंद केला नव्हता. ह्यांना वाटलं मी लाजून काहीतरी बोलतेय. मी लाजत नव्हते. दुसऱ्याच्या पोरीच्या डोळ्यात रोज उठून खुपायचं, एवढी संसाराची हौस मला त्या वयात उरली नव्हती.

आता गंमत अशी की ज्यांच्याशी लग्न केलं ते घरात कमीच. जहाजाची दुरुस्ती निघाली किंवा नवं जहाज बांधायला घेतलं की हे दोन-दोन महिने कोरियातल्या गोदीत. घरात आम्ही दोघीच. पहाटे खालच्या झाडांवरून कोकीळ असा ओरडायचा की मला वाटे कुणी त्याचं काहीतरी चोरलंय. मग लिफ्टची घंटा, वरच्या मजल्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज, समोरच्या चिनी आजींच्या कढईत लसूण पडल्याचा चर्र आवाज. जुई शाळेला गेली की दिवसभर मी आणि कुकर. मी सोबत जळगावहून भाकरीसाठी कळण्याचं पीठ नेलं होतं, शेंगदाण्याची चटणी नेली होती, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या नेल्या होत्या. वांगी मात्र तिथली लांब, जांभळी, पाण्यानं भरलेली. भाजली की ताटात त्यांचं सूपच होई. जुई ते काही न बोलता खायची. काही न बोलता हे तिचं खास होतं. उद्धट म्हणाल तर मुळीच नाही. ताट उचलायची, थँक यू म्हणायची. पण वर्षभरात तिनं मला कुठल्याही नावानं हाक मारली नाही. ह्यांनी तिला मावशी म्हण असं सांगितलं होतं. तिनं मावशी म्हटलं नाही, काकू नाही, काहीच नाही. काही हवं असलं तर ती मी असेन त्या खोलीत येऊन उभी राहायची आणि मी वर बघेपर्यंत थांबायची.

मी तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला हॉलमधून ढोल-ताशे ऐकू आले. शिट्ट्या, हजारो माणसांचं गाणं. मला वाटलं खाली कुणाची वरात आलीय, म्हणून मी कणकेच्या हातानंच बाल्कनीत गेले. खाली कुणी नव्हतं. जुई जमिनीवर मांडी घालून लॅपटॉपसमोर बसली होती आणि तिच्या अंगात तिच्या दुप्पट मापाचा एक खेळाचा शर्ट होता. कुणाचं लग्न आहे म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, बेसबॉल, आणि पुन्हा पडद्याकडं वळली. पुढं ह्यांच्याकडून कळलं ते असं की जुई लहान असताना हे तिघं तीन वर्षं कोरियात होते. हे गोदीत अडकलेले असत, म्हणून मायलेकी संध्याकाळी मैदानावर जाऊन बसत. भाषा कुणालाच येत नव्हती, पण गाणी यायला लागली. तो शर्ट तिच्या आईनंच घेतलेला, वाढत्या अंगाचा. पंधराव्या वर्षीसुद्धा तो तिला मोठाच होता.

मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण कापड कळत होतं. शर्टच्या पाठीवर दोन चौकोनी तुकडे टाचलेले होते आणि प्रत्येकावर एक कोरियन अक्षर. शिवण इतकी सुबक की मी विचारल्यावाचून राहिले नाही. जुई म्हणाली, ते नाव आहे, रामोन. तो वेस्ट इंडीजच्या शेजारच्या कुठल्याशा बेटावरून आलेला. धिप्पाड, सावळा, आणि चेंडू मारला की बॅट अशी भिरकावून द्यायचा जशी काही ती पोळली. त्याच हंगामात आलेला होता आणि ह्यांनी कोरियातूनच तिच्या शर्टावर त्याचं नाव लावून आणलं होतं.

तेव्हापासून मी कणीक मळायची वेळ साडेपाचची केली. परात घेऊन मी हॉलच्या कोपऱ्यात बसे. पहिले पंधरा दिवस जुईनं माझ्याकडं दुर्लक्ष केलं. मग मी इतकं चुकीचं बोलायला लागले की तिला राहवेना. चेंडू मैदानाबाहेर गेला की मी षटकार म्हणायची, ती होमरन म्हणायची. फलंदाजाचे तीन फटके हुकले आणि त्याला स्ट्राइक आउट दिलं की मी विचारायची, पण विकेट कुठं पडली? ती डोळे मिटून श्वास घ्यायची आणि सांगायची. आता मी एकटीसुद्धा सामना लावून बसते आणि पंचाच्या आधी निकाल देते, पण त्या वेळी मला सर्वांत जास्त आवडायची ती गाणी. तिथं प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं असतं. तो बॅट घेऊन आला की सगळं मैदान त्याचं नाव घालून गातं. मी म्हटलं, म्हणजे उखाणाच की. आमच्याकडं नवऱ्याचं नाव एकटी बायको घेते आणि तेवढ्यात तिला घाम फुटतो, इथं तर अख्खं गाव नाव घेतंय. जुईला उखाणा माहीत नव्हता. मग मी तिला एक करून दाखवला, कणीक मळता मळताच:

समुद्र ओलांडून आला, सोबत नाही कोण,
चेंडू धाड आभाळात, नाव घेते रामोन.

तिनं हसू दाबलं ते मला दिसलं. म्हणाली, नॉट बॅड लाह. तो लाह म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण मी दोन दिवस तेवढ्यावर काढले.

एकदा मी तिला विचारलं, सगळे खेळाडू कोरियन, मग हा एकटाच असा कसा? तेव्हा तिनं परदेशी खेळाडूंचा सगळा कायदा सांगितला, आणि ते तिचं माझ्याशी पहिलं लांबलचक बोलणं. एका संघाला तीनच परदेशी ठेवता येतात. करार एका वर्षाचा. आपली माणसं चुकली तर लोक म्हणतात होतं असं, पण परदेशी खेळाडूनं रोज मारलंच पाहिजे, कारण त्यांना आणलंय त्याच्यासाठी. सोबत एक दुभाष्या असतो, तो जेवायलासुद्धा बरोबर. आणि जमलं नाही तर हंगाम अर्धा असतानाच विमानात बसवतात आणि दुसरा आणतात, कारण चौथ्याला जागा नसते. वर्तमानपत्रवाले त्यांना एका कोरियन शब्दानं म्हणतात, त्याचा अर्थ भाडोत्री शिपाई. ती मैत्रिणींशी बोलताना इम्पोर्ट म्हणायची.

हा इम्पोर्ट मला आधीच ऐकून माहीत होता. दिवाळीच्या सुमाराला ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती की संध्याकाळी घरी या, बाबा नाहीयेत, फक्त बाबांची इम्पोर्ट आहे. मैत्रीण हसली असावी, कारण ही पण हसली. मी स्वयंपाकघरात चकल्या पाडत होते. तेव्हा मला वाटलं होतं की इम्पोर्ट म्हणजे बाहेरून आणलेली, चांगली, महागाची वस्तू, आमच्याकडं साबणाला आणि सेंटला म्हणत तशी. मी खूश होऊन चार चकल्या जास्त तळल्या. आता त्या दिवशी रामोनची गोष्ट ऐकताना त्याचा अर्थ लागला. वाईट वाटलं, पण खरं सांगते, पटलंही. नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या माझ्या डिपेंडंट पासवर तारीख होती, माझा दुभाष्या दोन महिन्यांसाठी गोदीत होता आणि जून मी स्वतःच ठरवून आले होते. तेव्हापासून रामोन बॅट घेऊन उभा राहिला की मी कणीक मळायची थांबायला लागले.

थंडीत खेळ बंद होता, मार्चमध्ये रामोन आणखी एका वर्षाचा करार घेऊन आला, आणि मे महिन्यात त्याचा पाय मुरगळला. परत आला तो वेगळाच. चेंडू समोरून जायचा आणि बॅट मागून यायची. गाणं म्हणणारे गात होते, पण गाण्यात जोर नव्हता, मलासुद्धा कळलं. मग एका दुपारी जुई शाळेतून आली, बूट न काढता खोलीत गेली आणि दार लावलं. संध्याकाळी सामना होता, तिनं लॅपटॉप उघडला नाही. जेवायच्या वेळी सांगितलं की त्याला काढलं, तो परवा जाणार. शर्ट तिनं धुवायच्या टोपलीवर टाकला होता. म्हणाली, फिनिश. आता हा घालता येणार नाही.

आता माझं चुकलं कुठं ते नीट सांगते. बत्तीस वर्षं मी शाळांच्या संघांचे कपडे शिवले. जुना कप्तान दहावी होऊन गेला की त्याचं नाव उसवायचं, कापड धुऊन इस्त्री करायची, नव्या कप्तानाचं लावायचं. जूनमध्ये असे ढीग यायचे माझ्याकडं. हा घालता येणार नाही असं कुणी म्हटलं की माझ्या कानाला एकच ऐकू येतं, की नाव काढून हवंय. मला वाटलं, हे एक काम तरी ह्या घरात असं आहे जे माझ्यावाचून कुणाला येणार नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना मी ब्लेड घेऊन बसले. एक धागा ओढला जाऊ दिला नाही. शर्ट धुतला, वाळवला, इस्त्री करून तिच्या पलंगावर ठेवला, कोरा करकरीत. दोन अक्षरं पाकिटात घालून त्याच्यावर.

ती आली, खोलीत गेली, आणि शर्ट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ह्या वेळी मी वर बघेपर्यंत थांबली नाही.

"तुला इतकं इझी वाटतं?" ती म्हणाली. "एक गेलं, काढून टाकायचं, त्याच्या जागी दुसरं लावायचं?"

आवाज चढवला नव्हता. शर्टाबद्दल बोलत नव्हती हे मला तिथल्या तिथं समजलं, आणि तिलाही बोलल्यावर समजलं असावं, कारण ती लाल झाली आणि निघून गेली. मी गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही दोघी वेगवेगळ्या वेळी जेवलो. ह्यांचा फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं की जूनअखेरचं तिकीट काढून ठेवा.  हे म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नका, काढा.

तिकीट काढायला सांगितलं खरं, पण काम अर्धवट टाकून जायची मला सवय नाही. जाण्याआधी ते नाव होतं तिथं परत लावायचं असं ठरवलं. मशीन नव्हती, सुई होती. दोन दुपारी बाल्कनीच्या उजेडात बसून मी ती अक्षरं हातानं टाचली. उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं कापडात दिसत होती. त्याच भोकांतून सुई घातली, एकही भोक चुकवलं नाही. मशीनला लाजवेल असं काम झालं. संध्याकाळी जुई लॅपटॉप लावून बसली होती, नव्या खेळाडूचा पहिला सामना होता. मी शर्ट तिच्या शेजारी ठेवला आणि परातीकडं वळले.

तिनं शर्ट उलगडला. पाठ समोर धरली. टाक्यांवरून बोट फिरवलं. मग तिनं हळूच वाचलं.

"रा... गुम."

"कुणाचा?" मी विचारलं.

"काय कुणाचा?"

"राग. राग गुम म्हणालीस ना आत्ता?"

तिनं शर्ट खाली केला आणि माझ्याकडं बघितलं. मग तिच्या तोंडातून असा काही आवाज निघाला की मला वाटलं ठसका लागला. ती आडवी पडून हसत होती. मला काही कळेना, म्हणून मीही हसायला लागले, आणि त्यानं तिला जास्तच हसू यायला लागलं. डोळे पुसत तिनं मला समजावलं. ते दुसरं अक्षर मी उलटं टाचलं होतं. तुकडा चौकोनी, चारी बाजूंची भोकं सारखी, कसाही ठेवला तरी बसतो. आणि कोरियन अक्षराची करामत अशी की मोन हे अक्षर डोक्यावर उभं केलं की गुम होतं. तिनं शर्ट उलटा धरून दाखवलं. खरंच की. माझ्या इतक्या नेटक्या कामाची ही अशी शोभा. अख्ख्या कोरियात ह्या नावाचा माणूस सापडणार नाही, ती म्हणाली, आणि पुन्हा हसली.

मी म्हटलं, आण इकडं, दोन मिनिटांत सरळ करते. तिनं शर्ट छातीशी धरला आणि म्हणाली, उसवायचं नाही. मग तो अंगात घातला. मी पिठाच्या हातानं मागून बघितलं, टाके अगदी सरळ होते.

सामना चालू होता. नवा खेळाडू उंच, गोरा, घाबरलेला. सारखा हातमोजे काढून घालत होता. त्याचं गाणं अजून नीट बसलं नव्हतं, मैदानात लोक एका ओळीत एक आणि दुसरीत भलतंच म्हणत होते. तो तीनदा आला आणि तीनदा चेंडूला न शिवता परत गेला.  मी म्हटलं, आता ह्यालाही पाठवतील का गं परत?

"नाही लाह," जुई म्हणाली. "नवीन आहे तो. बेड वेगळा, जेवण वेगळं, सगळं वेगळं. थोडे दिवस द्यायला पाहिजे."

मी पोळपाट ओढला आणि पहिली पोळी लाटायला घेतली. ती पडद्याकडं बघतच पुढं म्हणाली, "बाबा सांगत होता, तू जूनमध्ये चाललीस."

"तसं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"मीच. येतानाच म्हणाले होते, एक वर्ष. तूच नाही का सांगितलंस, परदेशी खेळाडूचा करार एका वर्षाचा असतो."

"हो, ते परदेशी खेळाडूचं," ती म्हणाली. तिनं गुडघे शर्टाच्या आत ओढून घेतले, ती लहान असताना बसत असेल तशी. "बट यू आर नॉट फॉरेन, व्हॉट."

सिंगापुरात वाक्याच्या शेवटी जो व्हॉट येतो तो प्रश्न नसतो. हे उघडच आहे, ह्यात विचारायचं काय, असा त्याचा अर्थ. आता मला तो माहीत आहे, भाजीवाल्याशी बोलताना मीसुद्धा लावते. पण त्या संध्याकाळी मला वाटलं की ती मला विचारतेय. म्हणून मी लाटणं बाजूला ठेवलं, प्रामाणिकपणे विचार केला, आणि तिला उत्तर दिलं की नाही, मी परदेशी नाहीये.